चोवीस उभ्या काड्या

मुंग्यांबद्दल मला आता कोणी काही शिकवू नये. एकतीस वर्षं मी सरकारी सर्व्हेअर होतो, हवाई बेटावरच्या हिलोमधले निम्मे रस्ते माझ्या फुटपट्टीखालून गेले आहेत, पण त्या एकतीस वर्षांत गाळला नाही एवढा घाम मी गेल्या एका वर्षात मुंग्यांपायी गाळला. घाम परवडला. पाणउतारा झाला त्याचं काय?

सुरुवात एका रविवारी दुपारी झाली. आमची मुलगी रोशेल पाच आठवड्यांच्या कालेआला घेऊन जेवायला आली होती. पहिलीच नात. आजोबा झालेला माणूस काय करतो? नातीला झाड दाखवतो. मी तिला कुशीत घेऊन कुंपणाजवळ गेलो, जिथे शेजारच्या ओकुमोटोंच्या लीचीच्या फांद्या आमच्या अंगणात वाकल्या आहेत, आणि तिला समजावू लागलो की बाळा, ही लीची, हिची निम्मी फळं कायद्याने आपली. तेवढ्यात वारा सुटला आणि पोर जी किंचाळली, ती थांबेचना. मानेच्या वळीत तीन लालभडक गांधी उठल्या होत्या. त्यावर दोन नारिंगी मुंग्या होत्या, इतक्या बारीक की चष्मा लावल्याशिवाय मला त्या दिसल्याच नाहीत.

रोशेल ओरडली नाही. तिने बाळाची पिशवी उचलली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "डॅड, हे अंगण साफ होईपर्यंत मी हिला इथे आणणार नाही." हळू आवाजात बोलायचं हे तिने आईकडून घेतलंय. आमच्या घरात आवाज खाली आला की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

आता यात गंभीर काय, असं कोणी म्हणेल. आमच्याकडे मुलाचा पहिला वाढदिवस म्हणजे नुसता केक कापणं नव्हे. दोनशे माणूस जेवतं, खड्ड्यात डुक्कर भाजतात, तंबू पडतो, आणि हे सगळं आजोबांच्या अंगणात होतं. माझा पहिला वाढदिवस याच अंगणात झाला, रोशेलचाही. कालेआचा इथे झाला नाही तर तो व्याह्यांकडे होणार, आणि व्याह्यांचं अंगण सिमेंटचं आहे. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाले, "काळजी करू नका, गस. आमच्याकडे एकही मुंगी नाही." अहो, तुमच्याकडे गवताचं पातंही नाही, मुंगी येईल कशाला? हे मी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

मुंग्यांची बातमी गल्लीत पसरायला एक दुपार पुरली. समोरचा फ्लोरेन्सियो अगबायानी हातात कोंबडा घेऊनच आला. त्याच्याकडे चौदा कोंबडे आहेत, ते कशासाठी आहेत हे गल्लीत कोणी विचारत नाही. तो म्हणाला, कॉफीचा चोथा टाक. कोपऱ्यावरच्या बाईंनी दालचिनी सांगितली. माझा मेहुणा क्लॅरेन्स, ज्याच्या स्वतःच्या घराचं छप्पर सहा वर्षं गळतंय, त्याने उकळतं पाणी आणि व्हिनेगर सांगितलं. मी सगळं केलं. महिन्याच्या शेवटी अंगणाला बेकरीसारखा सुंदर वास येत होता आणि मुंग्या धडधाकट होत्या.

शेवटी माझ्या बायकोने, लॉर्नाने, मुंग्या आटोक्यात आणणाऱ्या सरकारी ऑफिसला फोन लावला. तिथल्या केओलानीबाई फार सज्जन. त्यांनी एक माहितीपत्रक पाठवलं. चॉपस्टिकच्या टोकाला पीनट बटरचा पातळ थर लावा, काड्या सावलीत जमिनीवर आडव्या ठेवा, तासाभराने पिशवीत भरा, रात्रभर फ्रीजरमध्ये गोठवा आणि आम्हाला आणून द्या.

इथे माझ्यातला सर्व्हेअर जागा झाला. आडवी काडी गवतात दिसत नाही. जी दिसत नाही ती मोजता येत नाही. खुंटी म्हटली की ती उभीच हवी, हे मी शिकाऊ लोकांना एकतीस वर्षं सांगत आलो. लॉर्ना बाजारात गेली होती, नाहीतर तिने मला तिथेच थांबवलं असतं. मी दोरी ताणली, सहा-सहा फुटांवर खुणा केल्या आणि चोवीस काड्या सरळ रेषेत रोवल्या. त्यातल्या अठरा ओकुमोटोंच्या कुंपणाला लागून, कारण संशय लीचीवर होता. टोकावर बटरही पातळ लावलं नाही, चांगला गोळा ठेवला. मग चार पावलं मागे सरून पाहिलं. अशी रेषा आजकालच्या पोरांना यंत्र देऊनही मारता येत नाही.

आता ऐका. भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक उभी रोवायची नसते, ती फक्त मेलेल्या माणसाच्या भातात रोवतात. हे हिलोमध्ये जपानी, पोर्तुगीज, फिलिपिनो, सगळ्यांच्या पोरांना ठाऊक असतं. लहानपणी मी एकदा अशी रोवली होती तेव्हा हातावर चापट बसली होती, आणि ती मारली होती याच शेजारच्या आंटी मित्सुए ओकुमोटोंनी. तेव्हा मला माहीत नव्हतं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? मला माहीत होतं. पण माझ्या डोक्यात त्या खुंट्या होत्या, चॉपस्टिक नव्हत्याच.

आणि दिवस कुठला निवडला? त्याच सकाळी अंकल शिगेओ ओकुमोटो खुब्याचं ऑपरेशन होऊन हॉस्पिटलातून घरी आले होते. वय शहाऐंशी. हिरवं दिसावं म्हणून आंटींनी त्यांचा पलंग आमच्या बाजूच्या खिडकीशी लावला होता. त्यांनी पडदा सरकवला तर समोर अठरा चॉपस्टिक्स उभ्या, प्रत्येकीवर घास. म्हणे त्यांनी आंटींना विचारलं, "मित्सुए, कार्यक्रम सुरू झाला का? मला कोणी सांगितलं नाही."

आंटी कुंपणाशी आल्या. काड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा गुडघ्यावर बसून अकराव्या काडीचा ओळंबा बघत होतो.

"गस," त्या म्हणाल्या, "ते अजून गेलेले नाहीत."

आणि आत गेल्या. खिडकीचा पडदा लागला. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला पुरतं अर्धं मिनिट लागलं, आणि पडला तेव्हा धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं झालं.

संकट एकटं येत नाही हे मला दुसऱ्या दिवशी पटलं. काड्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या. सकाळी क्लॅरेन्स आला. तो आमच्याकडे आला की नमस्कार आधी फ्रीजला करतो. मी आंघोळीहून येईतो त्याने सतरा नंबरची काडी चाटूनपुसून साफ केली होती. म्हणाला, "चव बरी आहे, पण यात तीळ कशाला घातले?" मी त्याला तीळ कसले ते सांगितलं. बराच वेळ तो नळाखाली तोंड धरून उभा होता.

मुंग्यांच्या ऑफिसात केओलानीबाईंनी काड्या मोजल्या. तेवीस. फॉर्मवर चोवीस. एक नमुना कमी असेल तर कारण लिहावं लागतं, आणि प्राण्याने खाल्ला असेल तर कोणत्या प्राण्याने, तेही. मी "मेहुणा" असं लिहिलं. बाईंनी ते वाचलं, काही न बोलता शिक्का मारला, आणि मला त्यांच्याबद्दल जो आदर वाटू लागला तो आजतागायत टिकून आहे. निकाल तिथेच लागला. तेवीसच्या तेवीस काड्यांवर त्याच मुंग्या. औषधाची फेरी दर सहा आठवड्यांनी, अशा सहा ते आठ फेऱ्या, आणि झाडांवरसुद्धा, कारण या मुंग्या झाडांवरही राहतात आणि वाऱ्याने खाली पडतात. "आणि अंकल," बाई मला म्हणाल्या, "शेजारच्यांनी औषध घेतलं नाही तर तुमचं सगळं फुकट." त्यासाठी प्रत्येक घराचा संमतीचा फॉर्म.

फ्लोरेन्सियोने उभ्या उभ्या सही केली, कारण त्याच्या लाडक्या कोंबड्याचा एक डोळा मुंग्यांनी पांढरा केला होता. बाकीच्यांनीही केली. ओकुमोटोंच्या दारात जायचं धाडस माझ्यात नव्हतं, म्हणून फॉर्म त्यांच्या पत्रपेटीत टाकला. तिसऱ्या दिवशी तो कोऱ्या पाकिटात कोराच परत आला. सही नाही, आणि पाकिटात दुसरं काहीही नाही. आमच्या गल्लीत कोणाची बशीसुद्धा रिकामी परत जात नाही. लिंबू तरी ठेवतात, नाहीतर दोन पपया. साठ वर्षांत आंटी मित्सुएंकडून माझ्याकडे रिकामं असं पहिल्यांदा काही आलं. कोणी थोबाडीत मारली असती तर कमी लागलं असतं.

मी मग इरेला पेटलो. तेल, पाणी, पीनट बटर, घट्ट करायची पूड आणि औषध असं मिश्रण करायचं असतं, तेही ड्रिलला पातं लावून, हळूहळू. मी ड्रिल पूर्ण वेगात सोडलं. पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण डोळ्यांवर पीनट बटर होतं. लॉर्नाच्या वाळत घातलेल्या चादरींवर ठिपके, मोटारीच्या काचेवर ठिपके, फ्लोरेन्सियोचा एकाक्ष कोंबडा तर नखशिखांत. फवारताना तासभर तरी कोरडं हवं, आणि आमच्या हिलोत कोरडा तास मिळणं म्हणजे क्लॅरेन्स उपाशी सापडण्यासारखं. तरी मी तीन फेऱ्या पार पाडल्या. प्रत्येक फेरीनंतर पंधरा दिवस बरे जायचे आणि मग वारा सुटला की लीचीवरून पुन्हा माझ्या मानेवर वर्षाव. साडेचार महिन्यांत माझ्या मानेचं भजं झालं. नातीला भेटायला मी रोशेलकडे जायचो, तर ती मला गेटवर उभं करून शर्ट झाडायला लावायची. रस्त्यावरून जाणारे लोक बघायचे. मी सर्व्हेअर होतो हो, मला लोक ओळखतात.

एकदा संध्याकाळी मी ओकुमोटोंच्या हट्टीपणावर बोलत होतो, लॉर्ना मालासादे, आमचे पोर्तुगीज गोड वडे, तळत होती. तिने झारा खाली ठेवला. आवाजही खाली आणला.

"गस, तू त्यांची माफी मागितलीस का?"

मी म्हटलं, तो गैरसमज होता, खुंटी आणि चॉपस्टिक यांत तांत्रिक फरक आहे. ती म्हणाली, "मागितलीस का?" मी म्हटलं, नाही. तिने साखरेत घोळलेल्या गरम मालासाद्यांची परात माझ्यापुढे सरकवली. मी हिशेब केला, माणसं दोन, प्रत्येकी दोन, आणि पिशवी भरून निघालो.

आंटींनी दार उघडलं. मी दोन्ही हातांनी, मान झुकवून, अगदी रीतीने पिशवी पुढे केली. त्यांनी आत डोकावलं आणि त्यांचा चेहरा बदलला. तेव्हा मला कळलं मी काय केलंय ते. चार. जपानी घरात चार हा मरणाचा आकडा, आजाऱ्याच्या घरी चाराचं काही नेत नाहीत, हेसुद्धा हिलोत शेंबड्या पोराला माहीत असतं. आधी काड्या, आता हे. मी माणसाला मारायचाच विडा उचललाय असं कोणालाही वाटलं असतं. पाठ केलेलं भाषण मी पार विसरलो.

खिडकीजवळच्या खुर्चीतून अंकल शिगेओंनी हात लांब केला. पिशवीतून एक मालासादा काढला आणि अर्धा तोंडात घातला. हनुवटीवर साखर सांडली.

"आता तीन आहेत," ते म्हणाले. "बस, गस."

मी बसलो. मग मी जे बोललो त्याला धड सुरुवात नव्हती की शेवट नव्हता. काड्यांबद्दल माफी मागितली, चाराबद्दल मागितली, आणि मग मध्येच कालेआच्या मानेवरच्या तीन गांधी सांगायला लागलो, माझ्या नातीला माझ्या अंगणात आणता येत नाही हे सांगायला लागलो, आणि माझा आवाज चिरकला. सहासष्ट वर्षांच्या माणसाने परक्या घरी असं करू नये.

आंटी उठल्या आणि अंकलच्या शर्टाची कॉलर मागे ओढली. त्यांची मान माझ्यापेक्षा वाईट होती. खिडकीशी टेकलेल्या फांदीवरून मुंग्या थेट पलंगावर उतरत होत्या, आणि खुबा नवा असलेल्या माणसाला पटकन उठूनही पळता येत नाही.

मी म्हटलं, "आंटी, मग सही का नाही केलीत? काड्यांचा एवढा राग?"

"काड्यांचा राग आठवडाभर होता," आंटी म्हणाल्या.

"सांग त्याला," अंकल म्हणाले.

आंटींनी व्हरांड्यातल्या एका कुंडीकडे बोट केलं. लाल फुलांचं अँथुरियम. ती कुंडी मी ओळखली. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो तेव्हा मी रस्त्याकडेच्या एका विक्रीतून नऊ कुंड्या आणल्या होत्या आणि गल्लीतल्या आठ घरांना एकेक दिली होती, रिबीन बांधून. नववी आमच्याकडे होती.

"यातूनच आल्या, गस. दुसऱ्याच आठवड्यात मी पाहिल्या."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"दिलेल्या वस्तूत खोट काढतात का?" त्या जवळजवळ रागावून म्हणाल्या. "आणि त्या फॉर्मात विचारलंय, मुंग्या कुठून आल्या. मला खोटं लिहिता येत नाही. आणि तुझं नाव लिहायचं नव्हतं."

मी मघापासून तोंडात धरलेला प्रश्न विचारला. पाकीट रिकामं का पाठवलंत? त्या म्हणाल्या, "काय घालणार होते? बागेतलं काहीही दिलं असतं तर त्यातून मुंग्या आल्या असत्या तुझ्याकडे."

साडेचार महिने मी ज्या बाईला हट्टी म्हणत होतो, ती नवऱ्याची मान सोलून निघत असताना माझं नाव झाकत होती. माझी मला इतकी लाज वाटली आणि तिच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं की दोन्ही एकदम सोसेना. मी फॉर्म मागून घेतला. "मुंग्या कुठून आल्या" या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं, ऑगस्टीन फुर्ताडो, पत्ता लिहिला, सर्व्हे नंबरही लिहिला, सगळं ठळक अक्षरात. मग आंटींनी सही केली.

घराघरांत जाऊन सांगायचं मी ठरवलं. आठही घरं पालथी घातली. सगळ्यांना माहीत होतं. फ्लोरेन्सियो म्हणाला, "आम्हाला वाटलं तुलाही माहीत आहे." कोपऱ्यावरच्या दालचिनीवाल्या बाई म्हणाल्या, एवढ्या हौसेने दिल्या होत्यास, कोण बोलणार. दोन वर्षं माझ्या मुंग्या यांना चावत होत्या आणि दोन वर्षं ही माणसं मला फाटकापाशी हसून "काय गस, कसं चाललंय" म्हणत होती. केओलानीबाईंनी तो फॉर्म वाचला तेव्हा त्या म्हणाल्या, इतकी वर्षं या खुर्चीत बसलेय, हा रकाना पहिल्यांदाच भरलेला पाहिला.

मग चार फेऱ्या झाल्या, आठही घरांत आणि आमच्याकडे, एकाच दिवशी. लीचीवर फवारायला शिडी फ्लोरेन्सियोने धरली. ड्रिल लॉर्नाने चालवलं, मला हात लावू दिला नाही. खिडकीतून अंकल शिगेओ कुठली फांदी राहिली ते काठीने दाखवत होते. शेवटच्या तपासणीला चोवीस काड्या ठेवल्या, पत्रकात सांगितल्याप्रमाणे आडव्या. एकाही काडीवर एकही मुंगी नाही. मी तो कागद रोशेलला पाठवला. तिने कळवलं की कागद जमिनीचा आहे, झाडांचं काय? शनिवारी लुआउच्या, म्हणजे वाढदिवसाच्या जेवणावळीच्या, आधी तासभर ती येईल, मन मानलं तर थांबेल, नाहीतर गाडी तशीच व्याह्यांकडे वळेल. व्याह्यांनी तंबू मागवून ठेवलाच होता.

तिचं चुकलं असं मला वाटलं नाही. त्या गांधी मीही पाहिल्या होत्या.

शनिवारी सकाळी मी मागच्या बाजूला डुकराचा खड्डा बघत होतो. वारा होता, बारीक पाऊसही होता. मनात एकच, एक मुंगी पडली की संपलं. पुढे आलो तर लीचीच्या फांद्यांखाली, आमच्या अंगणात, खुर्च्या मांडलेल्या. अख्खी गल्ली बसली होती. फ्लोरेन्सियो उघडाबंब, मांडीवर एकाक्ष कोंबडा. दालचिनीवाल्या बाई केस वर बांधून. अंकल शिगेओ चाकाच्या खुर्चीत, शर्टाची वरची बटणं सोडून. आणि आंटी मित्सुए, ज्यांना मी आयुष्यात गळाबंद पोशाखाशिवाय पाहिलं नाही, त्या कॉलर मागे दुमडून, उघडी मान पावसात धरून ताठ बसल्या होत्या. क्लॅरेन्स लांब बांबूने त्यांच्याच डोक्यावरच्या फांद्या हलवत होता.

"कधीपासून बसलाय?" मी विचारलं.

"सातपासून," आंटी म्हणाल्या. "ती विचारेल. कोणीतरी बसलेलं असलेलं बरं."

तेवढ्यात रोशेलची गाडी आली. ती कालेआला कडेवर घेऊन फाटकातच थांबली. आंटींनी नुसती मान पुढे झुकवली आणि केस बाजूला केले. रोशेल आली, वाकली, त्यांच्या मानेवरून हलकेच बोट फिरवलं. मग अंकलची पाहिली. फ्लोरेन्सियोची पाहिली, सगळ्यांच्या पाहिल्या, एकेक करून, घाई न करता. शेवटी ती वळली आणि कालेआला अंकल शिगेओंच्या मांडीवर बसवून तिने पोरीची मानेपर्यंत झाकणारी टोपी काढली.

खड्ड्याचा धूर डोळ्यांत गेला असं मी म्हणणार होतो, पण धूर दुसऱ्या बाजूला जात होता आणि ते सगळ्यांना दिसत होतं. आंटींनी पायाने शेजारची रिकामी खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि त्यांच्यात जाऊन बसलो.